मौलाना आझाद : किल्ल्यातील सब्र

आमच्या इगतपुरीत तुरुंगातून सुटून आलेला मनुष्य जुम्याला शेवटच्या सफमध्ये उभा राहतो आणि सलाम फिरवताच निघून जातो. आपण त्यास सब्र करण्यास सांगतो. सब्र कशास म्हणावे, हे मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या चरित्रात पाहा.

9 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईत अटक होऊन मौलाना अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिस्त झाले. कलकत्त्यास पत्नी जुलेखा बेगम आजारी होत्या. त्यांची प्रकृती ढासळली, तरी मौलानांनी सरकारकडे याचना केली नाही. एप्रिल 1943 मध्ये त्यांच्या निधनाची वार्ता आली. बाहेरून दिनक्रम ढळला नाही. पहाटेचा चहा, लेखन, सारे तसेच. परंतु त्या काळात लिहिलेल्या, न पाठवलेल्या पत्रांत ('गुबार-ए-खातिर' हा त्यांचा संग्रह) मौलानांनी कबूल केले आहे, की ती शांतता पुष्कळशी देखाव्याची होती आणि शरीर आतून झिजत होते. आवारातील एक जुनी कबर त्यांनी कितीदा पाहिली होती. त्या दिवशी ती निराळीच भासली. सुटकेपर्यंत वजन सुमारे 40 पौंडांनी घटले.

एवढा थोर आलिम हे लिहून ठेवतो, तर आपण कैद्याच्या अश्रूंना ईमानाची दुर्बलता का समजावे? पुत्रशोकाने हजरत याकूब (अलै.) यांचे नेत्र पांढरे झाले, तरीही कुरआनात त्यांचा सब्र सुंदरच आहे.

जून 1945 मध्ये सुटून मौलाना कलकत्त्यास पोहोचले. स्वागतास गर्दी लोटली होती. घरी जाण्यापूर्वी त्यांनी गाडी पत्नीच्या कबरीकडे नेण्यास सांगितले, गाडीतील एक हार तेथे ठेवला आणि मूकपणे फातिहा पढली.