अजिंठा टिपणारे रॉबर्ट गिल

आम्ही वाशिमहून तरुणांना घेऊन अजिंठ्याला जातो, तेव्हा रॉबर्ट गिल यांचे नाव निघते ते पारोच्या प्रेमकहाणीपुरतेच. आम्हाला त्यांचे काम अधिक मोलाचे वाटते. मद्रास सैन्यातल्या या अधिकाऱ्यावर १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने लेण्यांतल्या बुद्धचरित्राच्या, जातककथांच्या चित्रांच्या नकला करण्याचे काम सोपवले. जवळपास वीस वर्षे ते त्यात गढून गेले. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावलेल्या त्या तैलचित्रांपैकी बहुतेक १८६६ च्या आगीत जळाली. प्रत एकेकच होती!

उरले ते फोटो. १८५६ च्या सुमारास गिल यांनी कॅमेरा हाती घेतला होता. अजिंठा, वेरूळ आणि आपल्या शेजारचे लोणारही त्यांनी टिपले. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या पुस्तकात त्यांची ७४ छायाचित्रे आली, म्हणून ती ठिकठिकाणच्या ग्रंथालयांत टिकली.

आपल्या वस्त्यांतले धम्मदीक्षेनंतरच्या काळातले फोटोही एकेकच आहेत, भिंतीवर ओल धरत टांगलेले. त्यांच्या प्रती काढायला आम्ही आता घरोघरी जातो आहोत.

गिल १८७९ मध्ये वारले. त्यांची कबर भुसावळला आहे.