निर्जीवास गति देणारे दादासाहेब फाळके

सायंकाळीं दिवा स्थानकाच्या पुलावर क्षणभर थांबून खाडीच्या बाजूस पाहिलें असतां पांढऱ्या बगळ्यांच्या रांगा तिवरांच्या झाडीकडे परततांना दिसतात. आणि काळोख पडूं लागला कीं वटवाघळें बाहेर पडतात. परंतु, विद्यार्थिमित्रहो, पक्षी व वटवाघळें जन्मास येण्यापूर्वींच पृथ्वीच्या आकाशांत निराळ्या प्रकारचे जीव विहार करीत होते. ते सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वर्गांतील असून त्यांचे पंख पिसांचे नव्हते, कातड्याचे होते. वटवाघळाच्या पंखाचें कातडें चार बोटांवर ताणलेलें असतें. या प्राण्यांचें कातडें एकाच लांबलचक बोटावर ताणलेलें असे. त्यांतील मोठ्यांत मोठ्या जातीच्या पंखांचा विस्तार तीस फुटांहून अधिक होता. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं त्यांचा समूळ नाश झाला.

असे हे प्राणी चित्रपटांत पंख हालवीत उडतांना आपण पाहतों. ज्यांस मनुष्याच्या डोळ्यांनीं कधींच पाहिलें नाहीं, त्यांस उडविलें कसें, असा प्रश्न पुष्कळ मुलांस पडतो. संगणक येण्यापूर्वीं त्याचें उत्तर फार साधें आणि फार कष्टाचें होतें. प्राण्याची प्रतिमा करावयाची, तिचें एक चित्र घ्यावयाचें, पंख केसभर हालवावयाचा, पुन्हां एक चित्र घ्यावयाचें. आणि हें शेंकडों वेळां करावयाचें. तीं चित्रें पडद्यावर भराभर दाखविलीं म्हणजे निर्जीव प्रतिमा उडूं लागते. मूकपटांच्या काळीं दर सेकंदास साधारण १६ चित्रें लागत. म्हणजे एका मिनिटाच्या खेळास हजाराच्या आसपास. अमेरिकेंत विलिस ओब्रायन या कलावंतानें १९३३ सालच्या ‘किंग काँग’ या चित्रपटांत असा एक पंखधारी प्राणी याच रीतीनें उडविला. परंतु त्याच्या कित्येक वर्षें आधीं आपल्या महाराष्ट्रांतील एका गृहस्थांनीं ही विद्या एका वाटाण्यावर व कांहीं आगकाड्यांवर साधिली होती. ते गृहस्थ म्हणजे कै. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके.

फाळके यांचा जन्म ता. ३० एप्रिल १८७० रोजीं नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथें झाला. त्यांचे वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान् असून पुढें मुंबईच्या विल्सन कॉलेजांत संस्कृतचे अध्यापक झाले. मुलाचा ओढा मात्र ग्रंथांपेक्षां रंगांकडे अधिक होता. १८८५ सालीं त्यांनीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत प्रवेश केला. पुढें बडोद्याच्या कलाभवनांत चित्रकला, छायाचित्रण आदि अनेक कलांचें शिक्षण त्यांनीं घेतलें. ते जादूचे प्रयोगहि शिकले. जें दिसतें तें कसें घडविलें आहे, हें जाणून घेतल्यावांचून त्यांस चैन पडत नसे.

संसारांत मात्र त्यांस स्वस्थता लाभली नाहीं. गोध्रा येथें त्यांनीं छायाचित्रणाचा धंदा मांडला असतां प्लेगच्या सांथींत त्यांची प्रथम पत्नी व मूल हीं दोन्ही निवर्तलीं. कालांतरानें त्यांचा दुसरा विवाह झाला. या द्वितीय पत्नी सरस्वतीबाई. पुढें फाळके यांनीं सरकारी पुराणवस्तुसंशोधन खात्यांत नोकरी धरिली. परंतु स्वदेशीच्या चळवळीच्या काळांत ती सोडून ते छपाईच्या धंद्यांत शिरले. तिरंगी छपाईची विद्या मिळविण्यासाठीं १९०९ सालीं ते जर्मनीस गेले. परत आल्यावर भागीदारांशीं मतभेद होऊन तो धंदाहि त्यांस सोडावा लागला. वयाचीं चाळीस वर्षें झालीं होतीं, आणि हातीं कांहींच स्थिर नव्हतें.

अशा वेळीं, १९११ च्या सुमारास, मुंबईंत गिरगांव येथील एका तंबूंतल्या चित्रपटगृहांत त्यांनीं प्रभु येशूच्या चरित्राचा मूकपट पाहिला. पडद्यावर तें पवित्र चरित्र चालत असतां आपल्या देशांतील राम व कृष्ण यांच्या कथा अशाच जिवंत कां होऊं नयेत, या विचारानें त्यांच्या मनाचा ताबा घेतला. दुसऱ्या दिवशीं ते पत्नीसहि तो खेळ दाखविण्यास घेऊन गेले. त्यानंतर कित्येक महिने दररोज चित्रपट पाहावे, रात्रीं जागून यंत्राचे प्रयोग करावे, आणि झोंप नांवालाच घ्यावी, असा क्रम त्यांनीं चालविला. त्याचें फळ भयंकर झालें. त्यांच्या डोळ्यांस दिसेनासें झालें. ज्याचें सारें जीवित पाहण्यावर, त्याची दृष्टीच गेली! सुदैवानें एका डॉक्टरांच्या उपचारांनीं व अनेक चष्म्यांच्या साहाय्यानें ती परत आली. आणि ती येतांच फाळके पुन्हां त्याच कामास लागले.

आयुर्विम्याची पॉलिसी तारण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारींत ते लंडनला गेले. तेथें सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या चित्रशाळेंत त्यांनीं कामाची रीत पाहिली, आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेऊन ते एप्रिलांत परतले. आतां भांडवल हवें होतें. पण पूर्वीं कोणीं न पाहिलेल्या धंद्यास पैसा कोण देणार? फाळके यांनीं एका कुंडींत वाटाणा पेरिला, तिच्यासमोर कॅमेरा पक्का बसविला, आणि महिन्याहून अधिक काळ नेमानें त्याचीं चित्रें घेतलीं. मग पडद्यावर तो वाटाणा पाहणाऱ्यांच्या देखत अंकुरला, वाढला, आणि त्याचा वेल झाला. तें पाहून यशवंतराव नाडकर्णी या त्यांच्या स्नेह्यांनीं कर्ज देण्याचें मान्य केलें. सरस्वतीबाईंचे दागिनेहि या कामीं आले.

सरस्वतीबाईंनीं केवळ दागिनेच दिले असें नव्हे. दादर येथें ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट तयार होत असतां कामकऱ्यांच्या मोठ्या मेळ्याचा स्वयंपाक त्या करीत, उन्हांत पांढऱ्या चादरी धरून प्रकाश वळवीत, आणि रात्रीं अंधाऱ्या खोलींत फितीच्या कडांस छिद्रें पाडीत. काम करण्यास एकहि स्त्री मिळेना, म्हणून तारामतीची भूमिका साळुंके नांवाच्या एका आचाऱ्यानें केली. फाळके यांचा पुत्र भालचंद्र रोहिदास झाला. ता. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत हा ३७०० फूट लांबीचा चित्रपट लोकांसाठीं लागला, आणि हिंदी चित्रपटसृष्टीचा पाया घातला गेला.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें आणि पैशाचा ओघ आटला. मोठा चित्रपट करणें शक्य नाहीं, नट नाहींत, देखावे नाहींत, अशा स्थितींतहि त्यांनीं कॅमेरा बंद ठेविला नाहीं. टेबलावर आगकाड्या मांडून, त्या किंचित् सरकवून एकेक चित्र घेत, १९१५ सालीं त्यांनीं ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा खेळ तयार केला. त्याची प्रत आज उपलब्ध नाहीं. तरी आपल्या देशांत निर्जीव वस्तु चालविण्याच्या कलेचा आरंभ म्हणून त्याचाच उल्लेख होतो.

या साधनेचें फळ पुढें दिसलें. १९१७ च्या ‘लंकादहन’ या चित्रपटांत त्यांचा हनुमान आकाशांतून उडाला. १९१९ च्या ‘कालियामर्दन’ या चित्रपटांत त्यांची कन्या मंदाकिनी कृष्ण होऊन नागाच्या फणेवर नाचली. १९१८ सालीं निघालेल्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीनें कीर्ति दिली. पण भागीदारांशीं तेथेंहि वाद झाले. नंतर बोलपट आले. १९३७ सालचा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट. ता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें त्यांचें देहावसान झालें, तेव्हां लोक त्यांस बहुतेक विसरले होते. आज मात्र चित्रपटसृष्टींतील सर्वोच्च राष्ट्रीय पुरस्कार त्यांच्याच नांवें दिला जातो.

विद्यार्थिमित्रहो, आज पुष्कळ घरीं मोबाइल असतो, आणि त्यांतील कॅमेरा फाळके यांच्या कॅमेऱ्याहून कितीतरी सोपा आहे. तुमच्यापैकीं कोणास त्या प्राचीन पंखधारी जीवाचा खेळ करावयाचा असेल, तर प्रथम खाडीवरचा बगळा उतरतांना पंख कसे वळवितो तें नीट पाहा, वटवाघूळ पाहा, आणि मग मातीची प्रतिमा केसभर हालवून पहिलें चित्र घ्या. आणि पालकहो, सुटींत आपला मुलगा वा मुलगी टेबलावर आगकाड्या सरकवीत तासन् तास बसलेली दिसली, तर वेळ व्यर्थ चालला असें म्हणून त्या काड्या उचलूं नका. फाळके यांनीं महिनाभर ज्या वाटाण्याची वाट पाहिली, तोहि त्यांच्या घरांतल्याच एका साध्या कुंडींत वाढत होता.