बेंजामिन गाय हॉर्निमन

बेंजामिन गाय हॉर्निमन (१७ जुलै १८७३ – ऑक्टोबर १९४८) हे भारतात कार्य केलेले इंग्रज पत्रकार आणि बॉम्बे क्रॉनिकल या मुंबईच्या इंग्रजी दैनिकाचे संपादक होते. वृत्तपत्रस्वातंत्र्य, सभास्वातंत्र्य आणि खटल्याविना कोणाचेही स्वातंत्र्य हिरावले जाऊ नये हे तत्त्व यांचा त्यांनी सातत्याने पुरस्कार केला. एप्रिल १९१९ मध्ये मुंबई सरकारने त्यांना कोणताही खटला न चालवता भारतातून हद्दपार केले. मुंबईच्या फोर्ट भागातील हॉर्निमन सर्कल त्यांच्या नावाने ओळखले जाते.

प्रारंभीचे जीवन

हॉर्निमन यांचा जन्म इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात झाला. त्यांचे वडील ब्रिटिश नौदलात अधिकारी होते. इंग्लंडमध्ये काही वर्षे पत्रकारिता केल्यानंतर १९०६ मध्ये ते कलकत्त्याच्या द स्टेट्समन या दैनिकात वृत्तसंपादक म्हणून रुजू झाले. वंगभंगविरोधी आंदोलनामुळे त्या काळी बंगाल ढवळून निघाला होता. राजद्रोहाचे खटले आणि पुढाऱ्यांच्या हद्दपाऱ्या यांमुळे, राज्यकर्ता विरोधी मताशी कसा वागतो हे त्यांना जवळून पाहता आले.

बॉम्बे क्रॉनिकल

सर फिरोजशहा मेहता यांनी १९१३ मध्ये बॉम्बे क्रॉनिकल सुरू केले आणि संपादकपद हॉर्निमन यांच्याकडे सोपवले. मुंबईत तोवर इंग्रजी वाचकांवर टाइम्स ऑफ इंडियाचा मोठा प्रभाव होता. भारतीय लोकमताची बाजू त्याच भाषेत आणि तितक्याच समर्थपणे मांडणारे पत्र असावे, हा मेहतांचा हेतू होता. १९१५ मध्ये मेहतांचे निधन झाल्यावर क्रॉनिकलचा कल होमरूल चळवळीकडे अधिक स्पष्टपणे झुकला. मद्रास सरकारने १९१७ मध्ये अ‍ॅनी बेझंट यांना स्थानबद्ध केले, तेव्हा त्या कारवाईविरुद्ध हॉर्निमन यांनी जोरदार लेखन केले.

वृत्तपत्र कायद्याला विरोध

१९१०च्या वृत्तपत्र कायद्यान्वये छापखान्यांकडून आणि वृत्तपत्रांकडून सरकारला अनामत रक्कम मागता येत असे. मजकूर आक्षेपार्ह वाटल्यास ती जप्त होई, आणि पुन्हा तसे घडल्यास छापखानाही जप्त करता येई. आक्षेपार्ह काय हे प्रथम सरकारच ठरवी. उच्च न्यायालयात दाद मागण्याची वाट नावापुरतीच उरली होती. परिणामी, लेखन प्रसिद्ध होण्यापूर्वीच संपादकाचा हात आखडता होई. लहान देशी भाषिक पत्रांना तर अनामतीच्या मागणीनेच गाशा गुंडाळावा लागे. या कायद्याच्या मनमानी वापराविरुद्ध हॉर्निमन यांनी प्रेस असोसिएशन ऑफ इंडिया ही संघटना उभारली आणि तिचे अध्यक्ष या नात्याने सरकारकडे निवेदने सादर केली.

टाउन हॉलमधील सभा

जून १९१८ मध्ये मुंबईत भरलेल्या युद्धपरिषदेत गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी लोकमान्य टिळकांना भाषण पूर्ण करू दिले नाही. टिळक सभात्याग करून बाहेर पडले. हा अपमान मुंबईकर विसरले नाहीत. त्याच वर्षी विलिंग्डन निवृत्त होत असताना त्यांच्या गौरवासाठी ११ डिसेंबर रोजी टाउन हॉलमध्ये सभा बोलावण्यात आली. ही सभा नागरिकांच्या नावाने भरत असल्याने नागरिकांना तेथे विरोधही नोंदवता आला पाहिजे, अशी होमरूलवाद्यांची भूमिका होती. महंमद अली जिना आणि हॉर्निमन यांच्या नेतृत्वाखाली विरोधकांनी सकाळीच सभागृहातील जागा व्यापल्या. गोंधळात सभा पार पडू शकली नाही व पोलिसांनी सभागृह रिकामे केले. या घटनेनंतर हॉर्निमन सरकारच्या डोळ्यांत अधिकच खुपू लागले.

रौलट कायदा आणि हद्दपारी

पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारने १९१५च्या भारत संरक्षण कायद्यान्वये असाधारण अधिकार घेतले होते. युद्ध चालू असेतो आणि त्यानंतर सहा महिने, एवढीच या कायद्याची मुदत होती. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध थांबले. असे अधिकार शांततेच्या काळातही हाती राहावेत, यासाठी मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा संमत करण्यात आला. त्यात ज्यूरीविना खटला आणि खटल्याविना स्थानबद्धता यांची तरतूद होती. गांधीजींनी त्याविरुद्ध सत्याग्रह सभा स्थापन केली. तिचे अध्यक्ष गांधीजी, तर उपाध्यक्ष हॉर्निमन होते. ६ एप्रिल रोजी मुंबईत कडकडीत हरताळ पाळण्यात आला. दुसऱ्याच दिवशी सत्याग्रही हे पत्र, नोंदणीचा नियम जाणीवपूर्वक मोडून, प्रसिद्ध करण्यात आले.

१३ एप्रिलला अमृतसर येथे जालियनवाला बागेत गोळीबार झाला. पंजाबात लष्करी कायदा लागू होऊन बातम्यांवर कडक निर्बंध आले. तेथून क्रॉनिकलसाठी लिहिणारे गोवर्धन दास यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. २६ एप्रिल १९१९ रोजी मुंबई सरकारने हॉर्निमन यांना ताब्यात घेऊन इंग्लंडला जाणाऱ्या जहाजावर चढवले. ही कारवाई नव्या रौलट कायद्याखाली नव्हे, तर भारत संरक्षण कायद्याच्या नियमांखाली झाली. लढाई थांबली असली तरी युद्ध औपचारिकरीत्या संपलेले नसल्याने तो कायदा अद्याप अमलात होता. पुढे भारतमंत्री एडविन माँटेग्यू यांनी पार्लमेंटमध्ये हॉर्निमन यांच्यावर आरोप करून हद्दपारीचे समर्थन केले. मात्र हे आरोप कोणत्याही न्यायालयापुढे मांडले गेले नाहीत आणि त्यांना उत्तर देण्याची संधी हॉर्निमन यांना मिळाली नाही.

क्रॉनिकलवर पूर्वतपासणीचे बंधन घालण्यात आल्याने पत्र काही काळ बंद ठेवावे लागले. ती उणीव भरून काढण्यासाठी उमर सोबानी आणि शंकरलाल बँकर यांनी यंग इंडिया हे पत्र गांधीजींच्या हाती दिले. हद्दपारीच्या निषेधार्थ गांधीजींनी ११ मे रोजी हरताळाचे आवाहन केले. शांतता राखण्यावर त्यांचा विशेष भर होता आणि मुंबईत तो दिवस शांततेत पार पडला.

इंग्लंडमधील वर्षे

इंग्लंडमध्ये हॉर्निमन यांनी पंजाबातील अत्याचारांविषयी लेखन आणि भाषणे केली. १९२० मध्ये त्यांचे अमृतसर अँड अवर ड्यूटी टू इंडिया हे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९१०चा वृत्तपत्र कायदा आणि प्रत्यक्षात कधीही न वापरलेला रौलट कायदा हे दोन्ही १९२२ मध्ये रद्द झाले. हॉर्निमन यांना मात्र भारतात परतण्यासाठी लागणारा पासपोर्ट त्यानंतरही नाकारला जात होता. कायदे मागे घेतले गेले तरी एका प्रशासकीय आदेशाचा परिणाम माणसाच्या आयुष्यावर किती काळ राहतो, याचे हे उदाहरण ठरले.

पुनरागमन आणि अखेरची वर्षे

जानेवारी १९२६ मध्ये हॉर्निमन भारतात परतले आणि पुन्हा क्रॉनिकलमध्ये काम करू लागले. १९२९ मध्ये त्यांनी इंडियन नॅशनल हेरल्ड हे स्वतःचे पत्र काढले. १९३३ पासून सुमारे १२ वर्षे ते बॉम्बे सेंटिनेल या सायंदैनिकाचे संपादक होते. रुसी करंजिया आणि दिनकर नाडकर्णी यांच्यासह १९४१ मध्ये ब्लिट्झ या साप्ताहिकाच्या स्थापनेतही त्यांचा सहभाग होता. भारत स्वतंत्र झाल्यानंतर वर्षभरानेच, ऑक्टोबर १९४८ मध्ये, त्यांचे निधन झाले.

स्मारक

स्वातंत्र्यानंतर मुंबईतील एल्फिन्स्टन सर्कलला हॉर्निमन सर्कल हे नाव देण्यात आले. एका गव्हर्नराचे नाव जाऊन तेथे सरकारने हद्दपार केलेल्या संपादकाचे नाव आले. या वर्तुळाकार उद्यानासमोरच टाउन हॉलची इमारत असून त्यात एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. डिसेंबर १९१८ मध्ये पोलिसांनी विरोधकांना बाहेर काढले ते सभागृह याच इमारतीत आहे.