जगद्गुरू श्रीसंत तुकाराम महाराजांचे घराणे

श्रीक्षेत्र देहू येथील मोरे घराण्याचे आद्य पुरुष विश्वंभरबुवा. त्यांचे पुत्र हरी व मुकुंद रणांगणी पडले. हरीच्याच वंशात, विश्वंभरबुवांपासून आठव्या पिढीस, बोल्होबा व कनकाई यांच्या पोटी तुकोबाराय जन्मले. तीन बंधूंत ते मधले. थोरले सावजी पत्नीवियोगानंतर तीर्थाटनास निघून गेले. धाकटे कान्होबा यांना कर्जखतांचा अर्धा वाटा देऊन महाराजांनी केवळ आपलाच वाटा इंद्रायणीत सोडला. भावाच्या संसारास तोशीस लागू दिली नाही, हे विशेष. महादेव, विठोबा व नारायण हे महाराजांचे पुत्र. पैकी नारायणबाबांचा जन्म पित्याच्या वैकुंठगमनानंतरचा. पितृमुख न पाहिलेल्या याच पुत्राने इ. स. १६८५ मध्ये पादुका पालखीत ठेवून पंढरपूरचा पालखी सोहळा सुरू केला. ज्येष्ठ वद्य सप्तमीस ती पालखी देहूहून प्रस्थान ठेवते.