नाना शंकरशेट आणि ग्रँट रोडचे नाटकगृह

नामदार जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांचे चरित्र आपल्या दैवज्ञ कुटुंबांतील मुलांस बहुधा तोंडपाठ असते. १८०३ साली त्यांचा जन्म झाला, १८२२ साली पितृछत्र हरपले व ऐन तारुण्यात पिढीजात व्यापाराचा भार अंगावर आला. पुढे विद्याप्रसार, मुलींची शाळा, बाँबे असोसिएशन, आगगाडी. हा सर्व पाठ आम्हीही वर्गात वर्षानुवर्षे दिला. परंतु नानांच्या नाटकगृहाविषयी कोणी सहसा बोलत नाही. नाटक म्हणजे हलका धंदा, ही जुनी समजूत त्याच्या मुळाशी असावी, असे आम्हांस वाटते.

मुंबईच्या कोटात १७७६ साली बांधलेले इंग्रजांचे नाटकगृह कर्जात बुडून १८३५ साली विकले गेले. नवे हवे, अशी नागरिकांची मागणी होती, जागा मिळेना. तेव्हा नानांनी ग्रँट रोडवरील आपली जागा दिली व १८४६ साली तेथे नाटकगृह उभे राहिले. रचना विलायती धर्तीची : उंच रंगमंच, पुढे पडदा, समोर पिट, प्रतिष्ठितांसाठी बॉक्स आणि वर गॅलरी. म्हणजे बसण्याच्या जागेवरून माणसाची पायरी कळावी, अशीच ती योजना होती.

तथापि झाले विपरीत. ग्रँट रोड त्या काळी कोटापासून दूर, शहराच्या कडेला. साहेबलोकांची पावले तिकडे वळेनात. नाटकगृह ओस पडू लागले. आमच्या मते हे ओस पडणेच आपल्या रंगभूमीच्या पथ्यावर पडले.

सांगलीस १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ करणारे विष्णुदास भावे यांचे आश्रयदाते चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन १८५१ साली निवर्तले. आश्रय तुटल्यावर भावे मंडळी घेऊन गावोगाव निघाले व १८५३ साली मुंबईस आले. आरंभीचे खेळ गिरगावात झाले. मग मार्च महिन्यात मंडळी ग्रँट रोडच्या नाटकगृहात उभी राहिली. राजवाड्यात निमंत्रितांनी पाहावयाचे नाटक आता तिकिटावर आले. ज्याच्या गाठीस पैसे त्यास जागा; दरबारचा मान लागत नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरात तेथेच पारशी नाटक मंडळीने गुजरातीत रुस्तुम-सोहराबाचा खेळ केला आणि नोव्हेंबरात भाव्यांनी गोपीचंदाचे आख्यान हिंदीत सादर केले. मराठी, गुजराती, हिंदी अशा तिन्ही भाषांच्या नाटकांस एकाच छपराखाली आसरा मिळाला, तोही एका वर्षात! याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी सुटली. त्या कंपनीच्या उभारणीतही नाना होतेच. पण तिची आठवण सर्वांस असते.

३१ जुलै १८६५ रोजी नाना वारले. त्यांच्या पश्चात ग्रँट रोडवर व आसपास आणखी नाटकगृहे निघाली. त्या वस्तीस लोक ‘प्ले हाउस’चे ‘पिला हाउस’ म्हणू लागले. नानांच्या जागेवरील ती जुनी वास्तू आज नाही. पिला हाउस हे नाव मात्र अजून त्या भागातील लोकांच्या तोंडी आहे.