नारायण मेघाजी लोखंडे : रविवार मिळाला, पण पाचव्या मागणीचे काय?



रविवारची सुट्टी कोणामुळे मिळाली, हा प्रश्न सामान्यज्ञानाच्या परीक्षेत हमखास येतो. तुम्ही पटकन लिहिता, नारायण मेघाजी लोखंडे. एक गुण मिळतो आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पण लोखंडेंच्या अर्जात एक नाही, पाच मागण्या होत्या बरं का! रविवार ही त्यातली फक्त एक. पाचवी मागणी होती ती कामावर जखमी होणाऱ्या माणसाची. आज आपण लोखंडेंचे चरित्र वाचणार आहोत, पण लक्ष ठेवायचे आहे ते या पाचव्या मागणीवर. आपल्या आरे कॉलनीतल्या कितीतरी घरांशी तिचा संबंध आहे. तो कसा, ते शेवटी बघू.

बालपण आणि नोकरी

नारायणरावांचा जन्म 1848 साली ठाण्यात एका साध्या फुलमाळी कुटुंबात झाला. मॅट्रिकपर्यंत शिक्षण झाले. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे पुढे शिकता आले नाही. आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात त्यांनी नोकरी केली. त्यानंतर ते मुंबईतल्या मांडवी कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. स्टोअरकीपर म्हणजे गोदामातल्या मालाचा हिशेब ठेवणारा. नोकरी तशी बरी होती. खुर्ची होती, टेबल होते. पण गिरणीत राहून गिरणी न बघणे त्यांना जमले नाही.

तेव्हाची गिरणी कशी होती, ते जरा डोळ्यांसमोर आणा. विजेचे दिवे नव्हते, म्हणून उजाडले की काम सुरू आणि अंधारले की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणजे कामही तेरा-चौदा तासांचे. आठवड्याची सुट्टी नाही. दुपारी जेवायलाही ठरलेली वेळ नाही. हवेत कापसाचा बारीक भुगा सतत तरंगायचा. यंत्रे फिरवणारे चामड्याचे पट्टे उघडेच असायचे. त्यात कुणाचे धोतर अडकायचे, कुणाचा हात जायचा. हात गेला की कामही गेले आणि पगारही गेला. जखमी माणूस गावाकडे परत जायचा आणि त्याच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरा उभा राहायचा.

1881 साली सरकारने पहिला कारखाना कायदा केला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायचे नाही आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचे नाही, असे त्यात होते. धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालायचेही ठरले. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांबद्दल मात्र त्यात काहीच नव्हते.

दीनबंधू आणि सत्यशोधक विचार

लोखंडे महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. पुण्यात कृष्णराव भालेकरांनी 1877 साली ‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र सुरू केले होते. ते पुढे चालवणे कठीण झाले, तेव्हा 1880 पासून लोखंडेंनी ते मुंबईतून चालवायला घेतले. शेतकरी आणि कामगार यांची दुःखे त्यातून छापून येऊ लागली. पुढे त्यांनी नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ याच कामाला वाहून घेतले.

1884 साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’. भारतातल्या कामगार चळवळीची सुरुवात इथून मानली जाते, म्हणून त्यांना कामगार चळवळीचे जनक म्हणतात.

पाच मागण्या

सप्टेंबर 1884 मध्ये परळला कामगारांच्या सभा झाल्या. सरकारने नेमलेल्या कारखाना आयोगासमोर ठेवायला एक अर्ज तयार झाला. त्यावर सुमारे 5,500 कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या अशा होत्या, वहीत लिहून घ्या :

1. दर रविवारी सुट्टी मिळावी.
2. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी.
3. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे.
4. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत मिळावा.
5. काम करताना जखम झाली तर बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आले तर पोटापाण्याची सोय व्हावी.

आता पाचवी मागणी पुन्हा एकदा वाचा. पहिल्या चार मागण्या वेळेच्या आणि पैशाच्या आहेत. पाचवीत वेगळी गोष्ट आहे. कामावर झालेली इजा हे त्या माणसाचे नशीब नाही, ती काम देणाऱ्याची जबाबदारी आहे, असे ती सांगते. त्या काळी ही मोठी धीट गोष्ट होती. त्याच वर्षी, म्हणजे 1884 च्या जुलैमध्ये, जर्मनीने कामगारांसाठी अपघात विम्याचा कायदा केला होता. इंग्लंडला तसा कायदा करायला 1897 साल उजाडले. म्हणजे परळच्या मैदानात जमलेले आपले कामगार जगाच्या मागे नव्हते. राज्यकर्त्यांच्या देशाच्याही पुढचे ते मागत होते!

रविवार कसा मिळाला?

अर्ज झाला, पण उत्तर लगेच आले नाही. सहा वर्षे गेली. 24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे 10,000 कामगार जमले. दोन स्त्री कामगारांनीही तिथे भाषणे केली. त्या काळात बाईने हजारोंच्या सभेत उभे राहणे म्हणजे साधी गोष्ट नव्हती. अखेर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी सरकारने नवा कारखाना आयोग नेमला, त्यावर मुंबईच्या कामगारांची बाजू मांडायला लोखंडेंना घेतले गेले. 1891 च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली. स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे सात तासांवर आले.

रविवार म्हणजे फक्त आराम नव्हता. कापसाच्या धुळीने फुप्फुसांचा एक आजार होतो, त्याला बायसिनोसिस म्हणतात. सुरुवातीला त्याची खूण अशी असते की सुट्टीनंतर कामावर आल्यावर, म्हणजे सोमवारी, छाती आवळल्यासारखी होते आणि दम लागतो. सुट्टीच्या दिवशी मात्र बरे वाटते. म्हणजेच एक दिवस धुळीपासून लांब राहिले की शरीराला फरक कळतो. आजार कामातून येतोय हे ओळखायचे असेल, तर कामापासून लांब असलेला एक दिवसही हवा. तो दिवस या लढ्याने दिला.

शेवटचे दिवस

लोखंडेंचे काम गिरणीपुरते नव्हते. विधवांचे केशवपन करणार नाही असे म्हणत मुंबईतल्या नाभिक बांधवांनी 1890 साली संप केला, त्यामागेही त्यांचीच प्रेरणा होती. 1895 साली सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली.

1896 च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. लोक घाबरून शहर सोडू लागले. गिरण्यांतली माणसे कमी झाली. मागे राहिलेल्या गरीब रुग्णांकडे बघणार कोण? लोखंडे पळाले नाहीत. प्लेगच्या रुग्णांसाठी मराठा हॉस्पिटल सुरू करण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि स्वतः रुग्णांच्या सेवेत राहिले. तिथेच त्यांना प्लेगने गाठले. 9 फेब्रुवारी 1897 रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे एकोणपन्नास. त्यानंतर सुमारे एका महिन्याने, 10 मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. एकाच विचाराची दोन माणसे, एकाच साथीत, एकच काम करताना गेली.

आणि पाचवी मागणी? ती लोखंडेंना बघायला मिळाली नाही. कामगार नुकसानभरपाई कायदा 1923 साली झाला. अर्ज 1884 चा, म्हणजे मध्ये 39 वर्षे गेली. 1948 साली राज्य कामगार विम्याचा, म्हणजे ईएसआयचा कायदा आला. त्यात कामावर इजा झाली तर बरे होईपर्यंत पगाराच्या सुमारे 90 टक्के रक्कम मिळते आणि कायमचे अपंगत्व आले तर निवृत्तिवेतन मिळते. परळच्या अर्जातली पाचवी मागणी जवळजवळ तशीच्या तशी इथे दिसते, नाही का?

आता आपल्या आरेकडे येऊ

परळमध्येच, ज्या काळात या सभा झाल्या त्याच काळात, दिनशा माणेकजी पेटिट या गिरणीमालकांच्या देणगीतून जनावरांचे मोठे रुग्णालय उभे राहिले. काम फार चांगले. 1886 साली त्याच्या जोडीला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेच आजचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय. आज ते महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठात येते आणि त्याचा एक भाग आपल्या आरे कॉलनीत आहे. आरेची दूध वसाहत 1949 सालची. शहरातले तबेले बाहेर हलवून इथे म्हशी आणल्या, हे तुम्हाला माहीतच आहे. म्हशी आणि त्यांचे डॉक्टर एकाच ठिकाणी!

आता विचार करा. जनावराला डॉक्टर आहे. पण जनावरावर उपचार करणाऱ्याला, त्याचे शेण काढणाऱ्याला, प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुणाऱ्याला काही झाले तर?

धोके खरे आहेत. गाभडलेल्या म्हशीला हात लावताना ब्रुसेलोसिस होऊ शकतो. त्याचीच जिवंत लस जनावराला टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेली, तरी तो होतो. ताप चढतो-उतरतो, सांधे दुखतात आणि माणूस महिनोन्‌महिने साध्या तापाच्या गोळ्या खात राहतो. पावसाळ्यात मूत्र मिसळलेल्या चिखलातून लेप्टो होतो. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून रेबीज होतो आणि त्याची लक्षणे दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते.

1700 साली इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझिनी या वैद्यकाच्या प्राध्यापकांनी कामातून होणाऱ्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला तपासताना त्याचा धंदा काय हेही विचारा, असा त्यांचा आग्रह होता. साधा प्रश्न, पण तो विचारला नाही तर ब्रुसेलोसिस सापडतच नाही.

इथेच एक फरक नीट समजून घ्या. आजारी पडल्यावर औषधाचे बिल मिळणे ही एक गोष्ट. शिक्षकांच्या घरात वैद्यकीय बिलाची फाईल सगळ्यांना माहीत असते. पण आजारी पडूच नये म्हणून कामाच्या जागी केलेली सोय ही दुसरी गोष्ट. तिला व्यावसायिक आरोग्य सेवा म्हणतात. कामावर रुजू होताना तपासणी, रेबीजची लस आधीच देणे, हातमोजे आणि गमबूट, ठराविक काळाने रक्ततपासणी, सुई लागली तर लगेच नोंद आणि उपचार, हे सगळे तिच्यात येते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1985 साली अशा सेवेबद्दल करार केला. ही सेवा मुख्यतः प्रतिबंधासाठी असावी आणि हळूहळू सर्व कामगारांपर्यंत पोचावी, असे तो सांगतो. सर्व म्हणजे विद्यापीठातला प्राध्यापकही आणि परिचरही.

गिरणीत धोका डोळ्यांना दिसत होता. पट्टा दिसायचा, तुटलेला हात दिसायचा. विद्यापीठात, शाळेत, दवाखान्यात तो दिसत नाही. विद्यापीठ म्हणजे पुस्तके आणि खुर्च्या, तिथे कसली आलीय इजा, असे आपल्याला वाटते. म्हणून तिथल्या माणसाची पाचवी मागणी लवकर ऐकू येत नाही. त्यातही कायम नोकरीत असलेल्याचे नाव निदान हजेरीपटावर असते. कंत्राटावर किंवा रोजावर काम करणाऱ्याचे नावच कुठे नोंदलेले नसेल, तर सुई लागल्याची नोंद कोण करणार? आणि नोंद नाही तर भरपाई कशाची? लोखंडेंच्या अर्जाला वजन आले ते 5,500 सह्यांमुळे. नाव लिहिले गेले, म्हणून माणूस मोजला गेला.

परळला आजही एक सरकारी संस्था लोखंडेंच्या नावाने आहे, नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था. 2005 साली त्यांचे टपाल तिकीटही निघाले. हा मान योग्यच आहे. पण म्हशींना रविवार कळत नाही. रविवारीही पहाटे दूध काढावेच लागते. आपल्यातल्या कित्येकांचे आईवडील तेव्हा कामावर असतात. त्यांच्यासाठी पाचवी मागणी पहिल्या मागणीइतकीच मोठी आहे.

उपक्रम

या आठवड्यात घरातल्या किंवा शेजारच्या एका काम करणाऱ्या मोठ्या माणसाला हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरे वहीत लिहा :

1. तुमच्या कामात शरीराला कोणता त्रास होऊ शकतो?
2. त्यापासून वाचायला कामावर काय मिळते? हातमोजे, बूट, लस, तपासणी?
3. इजा झाली तर कुणाला सांगायचे आणि त्याची नोंद कुठे होते?
4. कामावर तुमचे नाव कोणत्या वहीत आहे? ईएसआयचा क्रमांक आहे का?

तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर तेही तसेच लिहा. वर्गात सगळ्यांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवून बघू या.