सार्जंटची मुलगी, राजाची शिक्षिका
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या वसतिगृहात एम. ए. इंग्रजी करणारी एक ताई आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायला जाता येईल का, याची तिने चौकशी केली. तिच्याजवळ पदवी होती. परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी कसे शिकवावे, याचे १२० तासांचे प्रमाणपत्रही तिने शिकवण्यांचे पैसे साठवून मिळवले होते. कागदपत्रांची यादी वाचता वाचता ती एका ओळीपाशी थांबली. तिथल्या भाषाशिक्षकाच्या नेहमीच्या व्हिसासाठी पासपोर्ट सात देशांपैकी एकाचा लागतो : ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. अध्यापनाचा परवाना असलेल्या भारतीयांसाठी २०१० पासून एक वेगळी वाट आहे. पण ताईचे बी. एड. झालेले नाही. तिने यादीची घडी घातली आणि ती मेसमध्ये जेवायला निघून गेली.

मला त्या रात्री अ‍ॅना लिओनोवेन्स ही बाई आठवत राहिली. परदेशात जाऊन इंग्रजी शिकवणाऱ्यांत तिच्याइतके नाव क्वचितच कुणाचे झाले असेल. सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजाच्या मुलांना तिने इंग्रजी शिकवले. तिच्यावर १९४४ साली कादंबरी आली, १९५१ साली न्यूयॉर्कला संगीत नाटक आले आणि १९५६ साली ‘द किंग अँड आय’ हा गाजलेला चित्रपट निघाला. त्यात घोळदार झगा घातलेली, थेट विलायतेहून आल्यासारखी वाटणारी गोरी मास्तरीण राजाला चार गोष्टी सुनावते. आता गंमत पाहा. ही विलायती बाई जन्मली आपल्या नगरला! अहमदनगर (आता अहिल्यानगर), १८३१ चा नोव्हेंबर महिना. आज तिने अर्ज भरला असता, तर जन्मस्थानाच्या रकान्यात तिला हेच लिहावे लागले असते.

तिचे वडील थॉमस एडवर्ड्स. मूळचे सुतारकाम करणारे, लाकडी सामान घडवणारे कारागीर. कंपनी सरकारच्या ‘सॅपर्स अँड मायनर्स’ पलटणीत ते भरती झाले आणि सार्जंटपर्यंत पोचले. १८२९ साली ठाण्याच्या चर्चमध्ये मेरी अ‍ॅन ग्लासकॉट हिच्याशी त्यांचा विवाह झाला. मेरीचे वडील मुंबई लष्करात लेफ्टनंट होते. तिची आई बहुधा इथल्याच मातीतली किंवा मिश्र वंशाची असावी, असे चरित्रकार म्हणतात. अ‍ॅनाच्या जन्माआधीच सार्जंट एडवर्ड्स वारले. पलटणीतल्या विधवेला तेव्हा फार दिवस एकटे राहणे परवडत नसे. मेरीने लवकरच पॅट्रिक डोनोहो नावाच्या आयरिश कॉर्पोरलशी लग्न केले आणि जिकडे बदली तिकडे बिऱ्हाड, असे अ‍ॅनाचे बालपण सुरू झाले. सावत्र बापाशी तिचे कधीच पटले नाही.

छावणीतले हे जग आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात भेटत नाही. पुस्तकात साहेब म्हणजे गव्हर्नर, कलेक्टर, फार तर कर्नल. साध्या शिपायाचा नि सार्जंटचा संसार मात्र बऱ्याचदा बरॅकीतच, पडदा लावून केलेल्या आडोशाला चाले. मुले बाजारातल्या, भटारखान्यातल्या, तबेल्यातल्या माणसांत वाढत. चार भाषा त्यांच्या कानावरून सहज जात. अ‍ॅनाला पुढे नवी भाषा शिकणे कधी जड गेले नाही, त्याचे मूळ मला ह्या छावणीत दिसते. मुंबईला भायखळ्यात बॉम्बे एज्युकेशन सोसायटीची शाळा होती. बाप नसलेल्या किंवा असून नसल्यासारख्या शिपायांच्या मुलांना तिथे शिकवीत. मिश्र वंशाची मुलेही त्यांत असत. ह्याच शाळेत ती शिकली, असे मानले जाते. (ह्या सोसायटीची शाळा पुढे देवळालीला गेली, नाशिककडच्या वाचकांना बार्न्स स्कूल माहीत असेल.) नंतर सावत्र बापाची नेमणूक एडनला झाली. तिथे बॅजर नावाच्या विद्वान पाद्र्याच्या सहवासात तिचे वाचन वाढले, असे म्हणतात. पदवी मात्र कुठलीच नाही. त्या काळी मुलींना ती मिळतही नसे.

१८४९ च्या नाताळच्या दिवशी पुण्यात तिने थॉमस लिऑन ओवेन्स ह्या आयरिश तरुणाशी लग्न केले. तो कारकून होता. पहिली मुलगी दीड वर्षाची होण्याआधीच गेली. नवराबायको १८५२ साली जहाजाने ऑस्ट्रेलियाकडे निघाले. पुढे एक मुलगाही गेला. पर्थला नवऱ्याने नोकरी केली, अ‍ॅनाने मुलींची शाळा काढून पाहिली. एव्हिस आणि लुई ही दोन मुले तिथे जन्मली आणि जगली. १८५७ मध्ये कुटुंब पेनांगला आले. तिथे नवरा हॉटेल चालवू लागला आणि १८५९ च्या मे महिन्यात अचानक मरण पावला. अ‍ॅना तेव्हा सत्तावीस वर्षांची. पदरात दोन लहान मुले, हातात पैसा नाही, माहेर तुटलेले.

ती सिंगापूरला गेली आणि तिथे तिने आपला जन्म बदलला.

सिंगापूरला इंग्रज अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढायची होती. बरॅकीत वाढलेल्या, नगरला जन्मलेल्या, हॉटेलवाल्याच्या विधवेकडे कुठली मॅडम आपली मुले पाठवणार? तेव्हा अ‍ॅनाने जन्मस्थान केले वेल्समधले कार्नार्व्हन आणि जन्मसाल १८३४. सार्जंट बापाला कॅप्टन केले. नवऱ्याची दोन नावे जोडून ‘लिओनोवेन्स’ असे भारदस्त आडनाव झालेच होते. त्याला तिने मेजर केले आणि वाघाच्या शिकारीवरून आल्यावर उन्हाच्या तडाख्याने तो गेला, असे सांगू लागली. आपण विलायतेत शिकलो आणि पंधराव्या वर्षी प्रथम हिंदुस्थान पाहिला, हेही त्यातच आले. बहिणीशी नि आईकडच्या माणसांशी तिने संबंध तोडले, कारण त्यातले एक माणूस दारात आले असते तरी सारा डोलारा कोसळला असता.

हे प्रथम वाचले तेव्हा मला तिचा राग आला. आपल्या नगरची लाज वाटावी असे काय होते? मग माझेच आठवले. प्रथम वर्षाच्या पहिल्या तासाला ओळख करून देताना, वडील ट्रान्सपोर्टमध्ये आहेत, असे मी सांगितले होते. माझे वडील बाजार समितीत हमाल आहेत. पोती ट्रकमध्ये चढवतात, म्हणजे ‘ट्रान्सपोर्ट’ हा शब्द अगदीच खोटा नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. अ‍ॅनाने सार्जंटचा कॅप्टन केला तेव्हा तिच्या घरात दोन लेकरे होती. माझ्यावर तर कुणाचे पोट अवलंबून नव्हते. राग तिथेच ओसरला.

तिकडे बँकॉकला राजा मोंगकुट वेगळ्याच विवंचनेत होता. गादीवर येण्याआधी तो सत्तावीस वर्षे बौद्ध भिक्षू होता. त्या काळात फ्रेंच बिशपकडून लॅटिन आणि अमेरिकन मिशनऱ्यांकडून इंग्रजी, असे त्याने हौसेने शिकून घेतले होते. शेजारचा ब्रह्मदेश इंग्रज तुकड्या-तुकड्याने गिळत होते, पूर्वेकडून फ्रेंच सरकत होते. १८५५ साली इंग्रजांशी व्यापाराचा करार करताना परकीयांची भाषा किती कामी येते, हे त्याने अनुभवले होते. आपल्या मुलांना ती यायलाच हवी, असे त्याच्या मनाने घेतले. पूर्वी त्याने मिशनऱ्यांच्या बायकांना अंतःपुरात शिकवायला बोलावले होते. पण त्या धड्याबरोबर येशूही शिकवू लागल्या, तेव्हा ते बंद पडले. म्हणून ह्या वेळी अट अशी, की बाईने इंग्रजी भाषा नि शास्त्रे शिकवावीत, धर्मांतराच्या वाटेला जाऊ नये. सिंगापूरचा सयामी वकील टॅन किम चिंग ह्याच्यामार्फत शोध झाला, तिथल्या इंग्रज व्यापाऱ्यांनी शिफारस केली आणि दरमहा १०० डॉलरवर अ‍ॅनाची नेमणूक झाली.

म्हणजे पात्रता काय ठरली? प्रमाणपत्र कुणी मागितले नाही, शिकवण्याची परीक्षा कुणी घेतली नाही. खानदानी इंग्रज विधवा, चारित्र्य चांगले, धर्मप्रचाराची खोड नाही, एवढ्यावर काम भागले. त्यातली पहिली गोष्ट बनावट होती. आणि जे खरोखर जवळ होते, म्हणजे अनेक भाषांत वाढलेला कान, दोन गावी शाळा चालवून पाहण्याचा अनुभव, परक्या मुलखात बिचकून न जाण्याची सवय, ते अर्जात लिहायची सोयच नव्हती. कारण लिहिले तर ते कुठून आले, हेही लिहावे लागले असते.

मुलीला तिने इंग्लंडला शाळेत धाडले आणि लहानग्या लुईला घेऊन १८६२ च्या मार्चमध्ये ती बँकॉकला उतरली. राजाला पुष्कळ राण्या होत्या आणि शेवटी मुलांची संख्या ८२ पर्यंत गेली. राजवाड्याच्या आतल्या, केवळ स्त्रियांच्या, नगरात तिचा वर्ग भरे. राजपुत्र नि राजकन्या असत, मन लागेल त्या राण्याही येऊन बसत. आठ वर्षांचा चुलालोंगकोर्न हा त्यांतला सर्वांत महत्त्वाचा विद्यार्थी. वर्ग सुटला की बाईंना राजाची इंग्रजी नि फ्रेंच पत्रे लिहून द्यावी लागत, मसुदे सुधारावे लागत आणि त्यावरून राजाशी खटकेही उडत. ‘अंकल टॉम्स केबिन’ ही गुलामगिरीवरची कादंबरी तिने सोन क्लिन ह्या राणीला वाचायला दिली आणि त्या राणीने ती सयामी भाषेत उतरवली, असे ती सांगते. पाच वर्षे हे चालले. १८६७ मध्ये प्रकृती बिघडल्याने ती रजेवर गेली. परतण्याच्या अटींची बोलणी चालू असतानाच, १८६८ च्या ऑक्टोबरमध्ये मोंगकुट हिवतापाने वारला. ऑगस्टमधले खग्रास सूर्यग्रहण त्याने स्वतः गणित करून वर्तवले होते. ते पाहायला तो दलदलीच्या प्रदेशात गेला आणि तिथेच हिवताप घेऊन आला. नव्या पंधरा वर्षांच्या राजाने बाईंना पत्र पाठवून आभार मानले, परत बोलावले मात्र नाही.

मग तिने अमेरिका गाठली आणि लेखणी धरली. १८७० साली तिचे ‘द इंग्लिश गव्हर्नेस अ‍ॅट द सायमीज कोर्ट’ प्रसिद्ध झाले, १८७३ साली अंतःपुरावरचे दुसरे पुस्तक. पहिल्या पुस्तकाचे शीर्षक नीट पाहावे. गव्हर्नेस म्हणजे मुलांचे सारे संगोपन पाहणारी बाई. ही तर भाषा शिकवायला नेमलेली होती. आणि ‘इंग्लिश’ हा शब्द तर सगळ्यात पुढे. ह्या पुस्तकांत राजा मधूनच क्रूर होतो, तळघरात कैदी डांबले जातात, एका तरुण दासीला जाहीरपणे जाळतात. थायलंडच्या लोकांना हे अजिबात मान्य नाही. बँकॉकच्या पाणथळ जमिनीत तळघर खोदणार कसे, असा त्यांचा साधा सवाल आहे आणि जाळण्याच्या कथेला पुरावा नाही. त्यांच्या मते मोंगकुट हा देश सावरणारा विद्वान राजा होता. तिच्यावरचे चित्रपट तिथे दाखवू देत नाहीत. इथे मी अ‍ॅनाची बाजू घेऊ शकत नाही. स्वतःचा जन्म बदलला तेव्हा झळ तिच्या आईला नि बहिणीला लागली. राजाला राक्षस केले तेव्हा एका सबंध देशाला लागली, आणि ज्याचे मीठ खाल्ले तो उत्तर द्यायला हयात नव्हता. चुलालोंगकोर्नने पुढे टप्प्याटप्प्याने गुलामगिरी बंद केली. १८७४ चा पहिला कायदा नि १९०५ चा शेवटचा, ह्यांचे श्रेय पाश्चात्त्य वाचकांनी बाईंना देऊन टाकले. एका शिक्षिकेने एवढे घडवले असेल, असे मला तरी वाटत नाही. पण तिचे शब्द त्या पोराच्या कानावर पडले होते, एवढे खरे.

पुढचे आयुष्य तिने कॅनडात मुलगी नि जावयाजवळ काढले. तिथल्या हॅलिफॅक्स शहरात १८८७ साली कलाशाळा उभारण्यात तिचा पुढाकार होता आणि ती संस्था आजही चालू आहे. लुई मोठा होऊन सयामला परतला, राजाच्या घोडदळात अधिकारी झाला आणि नंतर सागवानाच्या धंद्यात उतरला. १८९७ साली चुलालोंगकोर्न लंडनला आला असताना ती जाऊन त्याला भेटली. राजा चव्वेचाळिशीकडे झुकलेला, बाई पासष्ट वर्षांच्या.

तिचे एक पुस्तक आपल्याकडच्या वाचकाने अवश्य चाळावे. १८८४ साली तिने हिंदुस्थानातल्या प्रवासाच्या आठवणी लिहिल्या. आगगाड्या सुरू होण्यापूर्वीचा हा प्रदेश नवख्या नजरेने पाहणारी एक इंग्रज मुलगी त्यात आहे. ती मुंबईला बोटीतून उतरते आणि तिला सारेच अपूर्व वाटते. ज्या मुलखात ती रांगली, त्याचे परकेपण तिला शब्दाशब्दाने रचावे लागले असणार. सयामच्या राजवाड्याचे वर्णन लिहिताना तिला एवढे कष्ट पडले नसतील.

१९ जानेवारी १९१५ रोजी माँट्रिअलला ती वारली, तेव्हा नातवंडांच्या लेखी आजी वेल्सचीच होती. १९७६ मध्ये ब्रिस्टो नावाच्या इंग्रज लेखकाचे लुईवरचे पुस्तक निघाले. लुईचा जन्म शोधत तो लंडनच्या नोंदींकडे वळला, तर तिथे त्या नावाचा मुलगाच नव्हता. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, विवाह आणि मृत्यू ह्यांच्या नोंदी कंपनी सरकार न चुकता लंडनला पाठवीत असे. साध्या शिपायांचेही कागद त्यात असत. ते शंभर-सव्वाशे वर्षे तसेच बांधलेले होते. ते चाळल्यावर त्यात ठाण्याचे लग्न सापडले, पुण्याचे सापडले, आणि नगरच्या छावणीतली सार्जंट एडवर्ड्सची मुलगीही.